वाररेषेला खेटून बसलेलं ८३ माणसांचं गाव: लिटल डायोमीड चालतं कसं?

झिरोमाईलवाला
शाळेच्या प्रदर्शनात आठवीच्या पोरांना आंतरराष्ट्रीय वाररेषेवर प्रतिकृती करायची आहे. पृथ्वीगोलावर लाल रेघ ओढणं दरवर्षीचंच, म्हणून या खेपेला बेरिंगच्या सामुद्रधुनीतली दोन बेटं घ्यायचं ठरलं. पश्चिमेला बिग डायोमीड, रशियाचं. पूर्वेला लिटल डायोमीड, अलास्काचं, म्हणजे अमेरिकेचं. मधे ३.८ किमी पाणी. आपल्या नागपुरात सीताबर्डीच्या किल्ल्यापासून फुटाळ्यापर्यंत सरळ रेषेत मोजा, जवळपास तेवढंच. त्या पाण्यातूनच देशाची हद्द जाते आणि वाररेषाही. मोठ्या बेटावर आता फक्त रशियाचं लष्करी ठाणं आहे. धाकट्यावर गाव आहे, २०२० च्या जनगणनेत ८३ डोकी.

आता प्रश्न. समोर खिडकीतून 'उद्या' दिसतो अशा गावात सीमा आणि वाररेषा यांमुळे रोजच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो? जिथे पाहावं तिथे 'कालचं बेट, उद्याचं बेट' एवढंच लिहून मोकळे. परीक्षकांनी पोरांना त्यापुढचं विचारलं तर? पाणी, वीज, दवाखाना, संडास, जे माहीत असेल ते सांगा.

खोडकर_संत्री
समुद्रापासून साडेपाचशे किलोमीटर लांब बसून बेटाची चौकशी. होऊ द्या भाऊ. पोहे-तर्री घेऊन बसलो आहे.

अधिक_उणे
आधी वेळेचं पक्कं करून घ्या, कारण तिथेच सगळे चुकतात. 'दोन बेटांत २४ तासांचा फरक' हे चूक. हिवाळ्यात २१ तास, उन्हाळ्यात २०. अलास्का घड्याळ पुढे-मागे करतं, पलीकडचा चुकोत्का प्रांत करत नाही.

हिवाळ्यातलं उदाहरण: लिटल डायोमीडवर सोमवारी सकाळचे ९. त्याच क्षणी नागपुरात सोमवारी रात्रीचे साडेअकरा आणि बिग डायोमीडवर मंगळवारी सकाळचे ६. म्हणजे धाकटं बेट आपल्या साडेचौदा तास मागे, मोठं साडेसहा तास पुढे. बेरीज २१. पोरांना हीच बेरीज फळ्यावर करून दाखवायला सांगा, परीक्षक गप्प बसतील.

दुसरी गोष्ट, वाररेषा म्हणजे १८० अंश रेखावृत्त नव्हे. ही बेटं साधारण १६९ अंश पश्चिमेला आहेत. रेषा तिथे मुद्दाम वाकवलेली आहे.

नकाशेवाला
वाकवली कारण हद्द तिथे होती. १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकला, तेव्हा करारातच लिहिलं की हद्द या दोन बेटांच्या बरोबर मधून जाईल. करारात नावं वेगळी आहेत: मोठं ते रत्मानोव, धाकटं ते क्रुझेनस्टर्न. डायोमीड हे नाव दर्यावर्दी बेरिंगच्या १७२८ च्या सफरीपासूनचं. ज्या दिवशी बेट दिसलं तो संत डायोमीडचा दिवस होता. तिथल्या इन्युपियाक लोकांना अर्थात शोध लागायची गरज नव्हती. त्यांचं गावाचं नाव इनालिक, अर्थ 'पलीकडचं'.

अधिक_उणे
नकाशेवाला यांना पूरक: हस्तांतर झालं तेव्हा अलास्कात लागोपाठ दोन शुक्रवार आले. ६ ऑक्टोबर १८६७ शुक्रवार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी १८ ऑक्टोबर, तोही शुक्रवार. रशियाचं जुलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन घेतलं म्हणून तारीख बारा दिवस उडाली, पण वाररेषेची बाजू बदलल्यामुळे वार जागच्या जागी राहिला.

खोडकर_संत्री
दोन शुक्रवार! मग पगार एकाच दिवसाचा दिला असेल सरकारनं, शंभर टक्के.

डिझेलदादा
मूळ प्रश्नाला सरळ उत्तर: वाररेषेमुळे रोजच्या जगण्यात जवळपास काहीच बदलत नाही. गाव अलास्काच्या घड्याळावर चालतं, संपला विषय. पलीकडे कोणता वार आहे याचा भाजीच्या फोडणीशी जेवढा संबंध तेवढाच.

त्या गावाची खरी अडचण आहे सपाट जागा. ती नाहीच. बेट ७.३ चौरस किमीचं, माथा ४९४ मीटरवर, बाजू पाण्यात सरळ उतरलेल्या, चढ चाळीसेक अंशांचा. गाव पश्चिमेच्या एका दगडी उतारावर खांबांवर टेकवलेलं आहे. रस्ता नाही, म्हणून चाकाचं वाहन नाही. दगडांतून पायवाटा आणि लाकडी पायऱ्या. धावपट्टीला जागा नाही, बंदराला आडोसा नाही. बाकी सगळ्या गैरसोयी या एकाच गोष्टीतून फुटतात. प्रतिकृती करायची तर वाररेषेपेक्षा उतार दाखवा.

धरमपेठी
डिझेलदादा, 'काहीच बदलत नाही' हे फार झालं. हद्दीने नातेवाईक तोडले. मोठ्या बेटावरही यांचेच भाऊबंद होते, होडीने आणि बर्फावरून येणं-जाणं होतं. शीतयुद्ध सुरू होताना रशियाने तिथल्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवलं आणि वाट बंद झाली. १९८९ मध्ये स्थानिक आदिवासींना व्हिसाविना भेटींची मुभा देणारा करार झाला, तोवर चाळीस वर्षं गेलेली. मधे १९८७ च्या ७ ऑगस्टला लिन कॉक्स या अमेरिकी जलतरणपटूने दोन तासांहून थोड्या जास्त वेळात हे अंतर पोहून काढलं, तेव्हा त्या वर्षअखेरीस सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हनी वॉशिंग्टनमधल्या मेजवानीत तिचा उल्लेख केला. पाणी होतं चार-पाच अंश सेल्सिअसच्या आसपास.

डिझेलदादा
मान्य. 'घड्याळामुळे काही बदलत नाही' असं म्हणायला हवं होतं. हद्दीमुळे बदललं.

नवखा_४४००
हिवाळ्यात समुद्र गोठतो ना? मग चालत रशियात जाता येत असेल. व्हिडिओ पाहिला आहे एक.

नकाशेवाला
कायद्याने येत नाही, आणि बर्फाच्या स्वभावानेही बहुतेक वेळा येत नाही. बर्फ दोन जातींचा. किनाऱ्याला चिकटून गोठलेला, जो जागचा हलत नाही. आणि मोकळा तरंगता, जो प्रवाहाबरोबर सरकतो. सामुद्रधुनीत प्रवाहाचा ओढा मुख्यतः उत्तरेकडे. दोन बेटांच्या मधला पट्टा आडोशाचा असल्याने तिथे कधी कधी चिकटा बर्फ धरतो. बाहेरच्या अंगाला मात्र वारा फिरला की भेग पडते आणि तुम्ही उभे आहात तो तुकडाच निघून जातो. भेग पडल्याची खूण म्हणजे लांबून दिसणारी काळपट वाफ आणि ढगाच्या पोटावरचा गडद पट्टा.

विषुववृत्त
विमानाचं काय? धावपट्टी नाही म्हणता, पण स्कीवाली, म्हणजे चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेली विमानं उतरतात असं वाचलं आहे.

डिझेलदादा
उतरायची, त्या दोन बेटांमधल्या चिकट्या बर्फावर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात. आता दरवर्षी पुरेसा जाड बर्फ धरत नाही. एरवी अलास्काच्या मुख्य भूमीवरच्या नोम गावाहून हेलिकॉप्टर. अंतर दोनशे किमीच्या वर, हवा बरी असेल तर आठवड्यातून एकदा, टपालही त्यातच.

बर्फ किती जाड हवा याचं ढोबळ सूत्र: सेंटीमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, ४ ने गुणा, उत्तर किलोमध्ये. ३,००० किलोच्या विमानाला २८ सेमी. पण हे गोड्या पाण्याच्या, स्वच्छ, बिनभेगेच्या बर्फाचं. समुद्राच्या बर्फात खारट पाण्याचे कप्पे अडकलेले असतात, तो लवचीक आणि कमजोर, म्हणून बरंच जास्त धरावं लागतं. आणि सूत्र चालत्या वजनाचं आहे. विमान तासभर एका जागी उभं ठेवलं तर बर्फ खाली वाकत जातो, कडेने पाणी वर येतं. म्हणून माल पटकन उतरवायचा आणि विमान मधूनमधून जागेवरून हलवायचं.

हेलिकॉप्टरला भोवतात तीन गोष्टी: उन्हाळ्यात धुकं, हिवाळ्यात पात्यांवर धरणारा बर्फ, आणि बारा महिने कड्यावरून खाली कोसळणारा वारा. दोन आठवडे फेरी झाली नाही तरी त्यात कुणाला नवल वाटत नाही.

सुनंदाताई
मग बाळंतपण? अपघात?

धरमपेठी
ताई, अलास्काच्या अशा गावांत डॉक्टर नसतो, गावातलीच प्रशिक्षण घेतलेली आरोग्य-सहायक असते. ठरलेली पुस्तिका समोर ठेवून ती लक्षणं एकेक करून तपासते, नोमच्या डॉक्टरशी फोनवर बोलते आणि ठरलेलं औषध देते. गरोदर बाईने तारखेच्या सुमारे महिनाभर आधीच नोमसारख्या मोठ्या ठिकाणी जाऊन राहायचं. शेवटच्या आठवड्यात निघू म्हटलं आणि धुकं बसलं तर कोण येणार? तातडीचा रुग्ण हेलिकॉप्टरने, आणि हेलिकॉप्टर हवेच्या मर्जीने.

मीरा_द
पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात शुद्ध करून पोलादी टाकीत साठवतात. टाकी ४,३४,००० गॅलनची, म्हणजे साधारण १६ लाख ४० हजार लिटर. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरने १६४ फेऱ्या. घरोघरी नळ नाहीत. लोक डबे भरून नेतात. सार्वजनिक धुलाईघर आहे, तिथे कपडे आणि अंघोळ.

हिशेब करून पाहा. २०१० च्या जनगणनेत ११५ माणसं होती. टाकी काठोकाठ भरून सप्टेंबरअखेर थंडीत शिरली आणि मार्चअखेरपर्यंत पुरवायची म्हटलं तर १८० दिवस. माणशी दिवसाला ७९ लिटर, आणि त्यातच शाळा, दवाखाना, धुलाईघर. आपल्या शहरांचा ठोकताळा माणशी १३५ लिटरचा. टाकी मार्चच्या सुमारास आटते, त्यानंतर बर्फ वितळवायचा.

खोडकर_संत्री
मार्चमध्ये पाणी संपतं? मग नागपूर आणि त्यांच्यात फरक काय राहिला बे? फक्त त्यांना कूलर लागत नाही.

मीरा_द
फरक इंधनाचा आहे. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ १० अंशांच्या पाण्यापर्यंत आणायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात. त्यातले ३३४ नुसते वितळण्यात जातात. एक लिटर तेलातून ३६ मेगाज्यूल, शेगडीत निम्मी वाया गेली असं धरलं तर लिटरभर तेलात चाळीसेक लिटर पाणी. म्हणजे तेल संपत आलं की पाणीही संपत येतं.

वितळवताना पातेलं नुसत्या भुसभुशीत बर्फाने भरायचं नाही. तळाचा थर विरघळून वरच्या बर्फात शोषला जातो, तळ कोरडा पडतो, पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. आधी दोन-तीन वाट्या पाणी, मग थोडा थोडा बर्फ. ताजा भुसभुशीत बर्फ दहा भांडी घातला तर एखादं भांडं पाणी, म्हणून घट्ट दबलेला किंवा सरळ बर्फाचा खडक आणतात. समुद्राचा नवा बर्फ खारट. जुना, उन्हाळा काढलेला बर्फ निळसर दिसतो, त्यातलं मीठ झिरपून गेलेलं असतं, तो पिण्याजोगा. आणि बर्फ जनित्राच्या वाऱ्याखालचा घ्यायचा नाही, काजळी येते.

सुनंदाताई
मीराताई, पातेल्याचं पटलं. दूध तापवताना तळाला पाणी घालतो तेच.

विषुववृत्त
संडासाचं पण सांगून टाका, धागाकर्त्याने विचारलं आहे.

डिझेलदादा
बादली. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, वर बैठक. अलास्कात तिला 'हनी बकेट' म्हणतात, विनोदबुद्धीची कमाल. शोषखड्डा खणायला माती नाही, खाली खडक आणि कायमची गोठलेली जमीन. शाळा आणि दवाखान्याची सोय वेगळी, घरांची ही. पिशवी दोन-तृतीयांशच्या वर भरू द्यायची नाही, नाहीतर गाठ बसत नाही. आणि चाळीस अंशांच्या निसरड्या पायऱ्यांवरून ती खाली न्यायची असते हे विसरू नका. हिवाळ्यात कचरा आणि बादल्या समुद्राच्या बर्फावर नेऊन ठेवायच्या, ही तिथली जुनी रीत.

नवखा_४४००
जेवतो आहे राव.

डिझेलदादा
तेलाचं लिहितो मग, ते वाचत जेवा.

वीज डिझेल जनित्राची, उबेलाही तेलच. बर्फ हटला की उन्हाळ्यात तेलाची बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालबोट, येते. धक्का नसल्याने ती किनाऱ्यापासून दूर उभी राहते आणि तरंगत्या नळीतून टाक्या भरतात. लाट उठली तर नळी उचलून थांबायचं. तेव्हा भरलेलं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं.

इथे दोन चुका महाग पडतात. एक, तेलाची जात. आपल्या पंपावरचं नेहमीचं डिझेल थंडीत गढूळ होतं, त्यातलं मेण सुटून गाळणी चोंदते. म्हणून तिथे हलकं, एक नंबरचं डिझेल घेतात, ते उणे चाळीसच्या आसपासही वाहतं. दोन, टाकीतलं पाणी. अर्धी रिकामी टाकी दिवसा-रात्रीच्या फरकाने आतून घाम धरते, ते पाणी तळाशी बसतं आणि गोठून नळी अडवते. उपाय साधा: थंडी पडायच्या आधी टाकी भरलेली ठेवायची आणि तळाच्या कॉकमधून पाणी काढून टाकायचं. कॉक गोठल्यावर हे करता येत नाही.

जुनी_मोसंबी
एवढ्या लांब कशाला जाता? आपलं ग्रेट निकोबार आहे की. इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशिया दीडेकशे किमी. १९६९ ते १९८० मध्ये माजी सैनिकांची ३३० कुटुंबं नेऊन वसवली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. मराठी पोरांनी ते दाखवावं. २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचला, दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. हे वाररेषेपेक्षा भारी नाही का?

नकाशेवाला
भारी आहे, पण वेगळ्या धाग्याचं. ग्रेट निकोबार ९०० चौरस किमीच्या वर. त्यात लिटल डायोमीड शंभरावर वेळा बसेल. तिथे जंगल, नद्या, सपाटी, शेतजमीन आहे. शिवाय वाररेषा नाही.

जुनी_मोसंबी
बरं. काढते वेगळा धागा. तिकडे या मात्र.

सुनंदाताई
खातात काय? मातीच नाही तर भाजी कुठली?

धरमपेठी
सील, वॉलरस, मासे, खेकडे, पक्षी आणि उतारावर उगवणाऱ्या रानभाज्या. पाले सीलच्या तेलात मुरवून ठेवतात. आपलं लोणचंच, फक्त मोहरी नाही.

खेकड्याची रीत पाहण्याजोगी. बर्फाला भोक पाडायचं, दोरीला वजन आणि आमिष बांधून तळाशी सोडायचं. गळ नाही. खेकडा आमिष धरतो आणि हावरटपणाने सोडत नाही. दोरी जड लागली की एकसारख्या संथ गतीने वर ओढायची. झटका दिला की सुटला. भोकाच्या तोंडाशी आला की चट्कन बर्फावर. उन्हाळ्यात कड्यांवर ऑकलेट जातीचे लहान पक्षी प्रचंड संख्येने येतात. दगडांत दबा धरून लांब दांड्याच्या जाळीने उडता पक्षी धरतात. जाळी पक्ष्याच्या समोरून आणायची नाही, मागून फिरवायची.

वॉलरसचं कातडं होडीला लागायचं. जाड असतं म्हणून बायका ते जाडीतच उभं चिरून दोन पातळ थर करत. सुळ्यांवर कोरीवकाम चालतं, त्यात गावाचं नाव आहे. ही शिकार १९७२ च्या अमेरिकी सागरी सस्तन प्राणी कायद्याने फक्त तिथल्या किनारी आदिवासींना मोकळी आहे.

खोडकर_संत्री
खेकड्याला सावजी रस्सा. पुढचं हेलिकॉप्टर किती वाजता?

डिझेलदादा
मसाला एक किलोच न्या, वजनाला फार जपतात.

अधिक_उणे
आणखी एक कालगणनेचं, पोरांना आवडेल. अलास्काचं घड्याळ या बेटासाठी फार पूर्वेचं आहे. हिवाळ्यात सूर्य माथ्याशी येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. बेट आर्क्टिक वृत्ताच्या जरासंच दक्षिणेला, त्यामुळे २२ डिसेंबरला उजाडतं पाऊण वाजता आणि पावणेचारला मावळतं. जेमतेम तीन तास. म्हणजे शाळेत जाताना अंधार, मधल्या सुटीत सूर्योदय.

झिरोमाईलवाला
बापरे, भरपूर मिळालं. डिझेलदादांचं मनावर घेतलं, उतारच दाखवतो. सहा फुटी टेबल आहे. प्रमाण काय धरू?

नकाशेवाला
१:४००० धरा. माथा ४९४ मीटर म्हणजे साडेबारा सेमीला जरा कमी. धाकट्या बेटाची रुंदी सुमारे दोन किमी म्हणजे ५० सेमी. मधलं पाणी ९५ सेमी. सहा फुटांत, म्हणजे १८३ सेमीत, ३८ सेमी उरतात, त्यात बिग डायोमीडची फक्त पूर्वेची कड बसेल. ते २९ चौरस किमीचं आहे, अख्खं करायला गेलात तर टेबल शेजारच्या वर्गात जाईल. उंची वाढवून दाखवायचा मोह टाळा, उभं-आडवं प्रमाण एकच ठेवा. खरा उतारच पुरेसा तीव्र आहे.

थर्माकोलचे १ सेमी जाडीचे थर समोच्च रेषांप्रमाणे कापा, प्रत्येक थर ४० मीटरचा. बारा थर आणि वर एक पातळ. गावाच्या बाजूला थरांच्या कडा एकमेकींच्या जवळ येतील. तिथे आधी टाचण्या, मग फेव्हिकॉल. थर्माकोलवर रबर सोल्युशन लावू नका, विरघळतं.

मीरा_द
आणि नागपुरातला झिरो माईलचा खांब समुद्रसपाटीपासून १०२० फुटांवर, म्हणजे ३११ मीटर. या प्रमाणात पावणेआठ सेमी. बेटावर तेवढ्या उंचीला नारिंगी टाचणी टोचा, 'नागपूर' लिहून. अर्धाअधिक डोंगर चढल्यावर आपलं गाव लागतं हे पोरांना लगेच कळेल.

झिरोमाईलवाला
वा. घरं कशाची करू?

नकाशेवाला
आठ मीटरचं घर या प्रमाणात दोन मिलिमीटर. मोहरीचे दाणे घ्या, तीसेक पुरे. पाण्याला लागून एका ठिपक्यात सगळे चिकटवा, आणि मोठ्या बेटाकडे तोंड करून.

खोडकर_संत्री
फोडणीत काही उपयोग नाही म्हणालात ना डिझेलदादा, आता मोहरी तरी लागली.

झिरोमाईलवाला
दाणे चिकटवून पाहिले. उतारावर राहत नाहीत, सुकायच्या आत पाण्यात घरंगळतात.

डिझेलदादा
सुईने आधी खळगा करा, मग दाणा बसवा.